बंधाऱ्यातली खाच

आमच्या गावाला गॅसची पाइपलाइन नव्हती. वेल्सच्या डोंगरात एवढ्या वर कोण आणणार? गाव म्हणजे एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, एक हॉल, एक दवाखाना, आणि रस्त्याच्या शेवटी म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली आठ बैठी घरं. त्यांना बंगले म्हणत. आपल्याकडं बंगला म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिथं काही नाही. दोन खोल्या आणि एक मोरी.

माझा मुलगा आधी कार्डिफच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. मग त्यानं या गावचा दवाखाना घेतला. त्याची आई गेली आणि मी एकटा राहिलो, तेव्हा मला तिकडं घेऊन गेला. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी म्हटलं, वर्षभर बघतो. ते वर्ष काही संपलं नाही.

घर तापवायचं तर तेल लागायचं. प्रत्येक घरामागं एक हिरवी टाकी. ती भरायला टँकर वर यायचा, आणि बर्फ पडलं की टँकर खालच्या गावातच थांबायचा. तेलाचा भाव वर वर चालला तशी माणसं घरातल्या खोल्या बंद करायला लागली. शेवटच्या बंगल्यात एक बाई राहायची. शाळेत पोरांचा स्वयंपाक करून रिटायर झालेली, नवरा वारलेला. ती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकाच खोलीत कोट घालून बसायची. हॉलला तर हिवाळ्यात कुलूपच. थंडी आम्हालाही वाजायची, पण डॉक्टरच्या घरात तेल असायचं. म्हणजे मला बोलायचा अधिकार थोडा कमीच.

गावाकडं दुसरं काही नव्हतं, पण पाणी होतं. डोंगरावरून ओढा यायचा, बारमाही. मी सकाळी फिरायला जायचो आणि त्याच्या काठाला उभा राहायचो. मुलाला वाटायचं बापाला निसर्ग आवडतो. निसर्ग कसला! मी एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. चौथी शिकलेला माणूस. कालव्याचं दार किती उघडायचं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, पाळी कुणाची, ते सगळं माझ्या हातात. आमचा मुलूख दुष्काळी. तिथं पाणी वाया घालवणारा माणूस दारू पिणाऱ्यापेक्षा वाईट. आणि इथं हे एवढं पाणी रात्रंदिवस कुणाचंही काही काम न करता खाली निघून जायचं.

ते पाणी कामाला लावायचं गावानं ठरवलं, ते मात्र माझ्या सांगण्यावरून नाही. तशी फुशारकी मी मारणार नाही. एक मेंढ्यावाला शेतकरी होता, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच आडमुठा. तो गावच्या कमिटीचा चेअरमन. त्यानं दोन-तीन वर्षं कुठं कुठं अर्ज केले, मदत मिळवली, पाइप न्यायला स्वतःच्या रानातून जागा दिली. वर ओढ्याला छोटा बंधारा घातला. तिथून पाइप जमिनीखालून उतारानं खाली आणला. खाली दगडी खोपटात एक चाक बसवलं. पाणी पडलं की चाक फिरणार, वीज होणार, आणि वापरलेलं पाणी परत ओढ्यात. वीज थेट तारेनं हॉलला, दवाखान्याला आणि आठ बंगल्यांना. बंगल्यांतले तेलाचे बॉयलर जुने झालेच होते, ते काढून टाकले आणि भिंतीला विजेचे हीटर लावले. पाणी फुकट, म्हणून वीज जवळजवळ फुकट. कंपनीची वीज होती ती दिव्यांपुरती, तिच्यावर घर तापवणं कुणाला परवडत नव्हतं.

उद्घाटनाला इंजिनिअरनं आम्हाला बंधाऱ्यावर नेऊन सगळं समजावलं. बंधाऱ्याच्या भिंतीत मधोमध एक खाच ठेवली होती. तिच्यातून मनगटाएवढी धार सतत खाली पडायची. माझी सून पुण्याची. ती शेजारी उभी राहून मला मराठीत सांगत होती.

"अप्पा, ही खाच माशांसाठी आहे. इथपासून खाली खोपटापर्यंत ओढा कोरडा पडू नये म्हणून. ही कायम ओपन ठेवायची, परवान्यातच लिहिलंय."

"माशांना पाळी?"

"हो. चोवीस तास."

"भाग्यवान आहेत," मी म्हटलं. ती हसली. मीही हसलो.

पुढं ऑक्टोबर आला आणि झाडांनी पानं टाकली. पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. पानं जाऊन तिला चिकटायची, पाणी अडायचं, चाक थांबायचं. कमिटीनं हॉलमध्ये पाळ्यांचा कागद लावला, रोज एका घरानं जाळी साफ करायची. एक जण विसरला, दुसऱ्याची कंबर धरली, तिसऱ्यानं काठीनं दोनदा ढवळलं आणि घरी गेला. एका महिन्यात यंत्र तीन वेळा बंद पडलं. शेवटी मी शेतकऱ्याच्या कोठारातलं गवताचं जुनं दाताळं मागून आणलं, त्याचे दात जाळीच्या मापानं कापले आणि रोज सकाळी जायला लागलो.

"अप्पा, इथं असं न विचारता मध्ये पडायचं नसतं," मुलगा म्हणाला.

"मध्ये कुठं पडतोय? पानं झाडतोय."

दोन आठवड्यांनी शेतकरी वर आला. कुंपणाला टेकून बघत राहिला. त्याची घरची भाषा वेल्श. इंग्रजी त्याचंही घरचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. त्यामुळं आमचं बरं जमायचं. अवघड शब्द दोघांकडंही नव्हते.

"तुझ्या देशात पानं फार असतील," तो म्हणाला.

"पानं नाहीत. पाणी नाही."

"मग हे शिकलास कुठं?"

"जिथं पाणी नसतं तिथंच शिकतात."

त्यानं खिशातून बंधाऱ्यावरच्या फाटकाची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. कमिटीला नंतर सांगितलं असेल. पाळ्यांचा कागद उतरला. मी ती किल्ली करगोट्याला बांधली, कालव्याच्या दाराची बांधायचो तशी. त्या हिवाळ्यात डिसेंबर संपेपर्यंत यंत्र पुन्हा बंद पडलं नाही. हॉल उघडा राहिला, लोक तिथं येऊन बसायला लागले. डॉक्टरचा बाप म्हणून ओळखणारी माणसं आता मला पाण्याचा माणूस म्हणायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

जानेवारीत कोरडी थंडी पडली. पाऊस नाही, बर्फ नाही, नुसतं दहिवर. वरचा डोंगर गोठला आणि ओढा आटत चालला. ज्या दिवसांत ऊब सगळ्यात जास्त लागते त्याच दिवसांत पाणी कमी, हे त्या योजनेचं दुखणंच होतं. बंधाऱ्यातलं पाणी एका खुणेच्या खाली गेलं की यंत्र आपोआप थांबायचं. सकाळी दोन-तीन तास चालायचं, दुपारी गप्प.

एके दिवशी सुनेनं मला दवाखान्यातली औषधं देऊन शेवटच्या बंगल्यात पाठवलं. बाई दुपारी बारा वाजता अंथरुणात होती. कोट, हातमोजे, वर दोन पांघरुणं. बोलली की तोंडातून वाफ येत होती. भिंतीवरच्या हीटरला मी हात लावून बघितला. दगड.

"यंत्र चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल."

"आज?"

"आज," मी म्हटलं.

म्हणजे आता शब्द दिला होता. मी घरी न जाता तसाच वर चढलो. बंधाऱ्यात पाणी खुणेच्या चार बोटं खाली. आणि खाचेतून ती धार चालली होती, मजेत. मी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं. कुंपणाला मेंढ्यांच्या खाद्याचं रिकामं पोतं अडकलं होतं. काटेरी तारेवर लोकरीचे पुंजके होते, ते गोळा केले. टाचेनं काठची गोठलेली माती फोडली, शेवाळ उपटलं. पोत्यात सगळं भरून, पीळ घालून बोळा केला आणि खाचेत ठोकला. कालव्याच्या दाराची गळती आम्ही अशीच बंद करायचो. हात ते काम विसरले नव्हते. एक थेंब सुटला नाही.

अर्ध्या तासात पाणी खुणेवर आलं. थोड्या वेळानं खालून, खोपटातून, चाकाचा आवाज सुरू झाला. मला फार बरं वाटलं.

सहा दिवस यंत्र चाललं. दुकानात एकानं विचारलं, "पाऊस नाही आणि वीज कशी?" मी म्हटलं, "पाण्याला समजावावं लागतं." लोक हसले. पोस्टातल्या बाईनं मला बसवून चहा दिला. मी तो प्यायलो.

सातव्या दिवशी नद्या-ओढे बघणाऱ्या सरकारी खात्याची बाई आली. थंडीत पाणी किती उतरलंय ते बघायला ती असल्या सगळ्या ठिकाणी जात होती. बंधारा आणि खोपटं यांच्यामधला ओढा तिला कोरडा दिसला. दगड पांढरे पडलेले, खळग्यांत पातळ बर्फ, आणि एका खळग्यात पाच-सहा मासे आडवे. ती चढत वर गेली, बोळा ओढून काढला. चौकशी होईपर्यंत यंत्र बंद, असा तिनं तिथल्या तिथं हुकूम दिला.

बोळ्यातल्या लोकरीला निळा रंग होता. त्या भागात प्रत्येक जण आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर आपला रंग लावतो, म्हणजे डोंगरावर एकमेकांच्या मेंढ्या ओळखता येतात. निळा चेअरमनचा. पोतंही त्याच्याच घरच्या खाद्याचं. वर त्याची सख्खी बहीण पाचव्या बंगल्यात राहायची, त्यामुळं लोकांना ते पटलंही. त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मेंढ्या माझ्या. लोकर माझी. पोतं माझं. बोळा माझा नाही." त्यापुढं एक शब्द नाही. सरकारी बाईनं सांगितलं, शनिवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलवा. कमिटीच्या चेअरमननंच परवान्याची अट मोडली असेल, तर परवाना रद्द करावा लागेल. म्हणजे बंधारा, पाइप, चाक, तीन वर्षांची धावपळ, सगळं मातीत. आणि आठ बंगले परत तेलावर, तेही बॉयलर नव्यानं घातले तर.

हे बुधवारी झालं. मी तीन दिवस गप्प राहिलो.

लाज वाटत होती म्हणून नव्हे. राग येत होता. आठ घरं सहा दिवस उबदार होती, त्याचं काही नाही, आणि बोटाएवढ्या माशांचा पंचनामा. मुलाचीही काळजी होती. गावात आमचं एकच घर बाहेरचं. डॉक्टरच्या बापानं असं केलं म्हटल्यावर लोक दवाखान्यात कशी तोंडं करतील?

गुरुवारी मी ओढ्याकडं गेलो. बोळा निघाल्यावर खाचेतली धार पुन्हा सुरू होती, पण तो मधला टप्पा अजून भरला नव्हता. पाणी एकेका दगडाला विचारत खाली सरकत होतं. आमच्या कालव्यावर नियम होता, पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करायची. टोकाच्या माणसाला आधी, तोंडाच्या माणसाला शेवटी. कारण तोंडाला बसलेला माणूस कधी ना कधी दार धरून बसतोच. एकदा एकानं माझ्या देखत असाच बोळा घातला होता. मी तो काढला तर कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, तरी मी बाजूला झालो नाही. त्या माणसाची जमीन जळत होती, त्यालाही कारण होतंच. मी काठावर उभा राहून त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. माशांचं मला आजही फारसं काही वाटत नाही. पण पाळी मोडली होती, आणि ती मी मोडली होती.

शुक्रवारी जेवायच्या वेळी मुलगा दवाखान्यात होता. सून ताटात भाजी वाढत म्हणाली, "अप्पा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"तो बोळा तुमचा ना?"

"कशावरून?"

"तुमच्या स्वेटरच्या बाहीला निळा डाग आहे. दोनदा वॉश केला, जात नाही."

मी भाकरी मोडत राहिलो.

"यांना सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. सांगितलंत तर हे म्हणतील गप्प बसा. मग तुम्हाला गप्प बसावं लागेल." तिनं भांडं खाली ठेवलं. "उद्या मी येते मीटिंगला. इंग्लिश मी बोलते, तुम्ही नुसतं सांगा."

"इंग्लिश माझं मी बोलेन."

"बरं," ती म्हणाली. "मग जेवा नीट."

हॉलला तेल केव्हाच बंद झालं होतं आणि चाकाची वीज नव्हती. सगळे कोट-टोप्या घालूनच बसले होते. सरकारी बाईसमोर टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते पोतं. चेअरमन बाजूला उभा, हाताची घडी घालून. तिनं कागद वाचायला सुरुवात केली आणि मी उठलो.

"अप्पा, बसा," मुलगा पुटपुटला.

मी बसलो नाही. माझं इंग्रजी किती, तर, "हे मी केलं. त्यानं नाही. मी." आणि छातीवर हात ठेवला, म्हणजे कुणाला शंका नको.

बाईनं विचारलं, "का?"

"पाणी जात होतं. घर थंड होतं."

मुलगा उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता, पण आवाज डॉक्टरचा. तो म्हणाला, "माझ्या वडिलांना इंग्रजी नीट येत नाही. परवान्याची अट त्यांना कळलीच नसणार. ही आमची चूक आहे, आम्ही समजावून सांगायला हवं होतं."

बाईनं मान हलवली. पेन उचललं. तिलाही ते सोयीचं होतं, मला दिसलं. म्हाताऱ्याला कळलं नाही, प्रश्न मिटला.

"काय म्हणाला हा?" मी सुनेला विचारलं. मला कळलं होतं, पण खात्री करायची होती.

तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"तिला सांग, अट मला कळली होती. उद्घाटनाच्या दिवशी तूच मराठीत सांगितली होतीस. कळली होती, मानली नाही. अडाणी असेन, पण पाण्याच्या कामात मला कळत नाही असं कागदावर नको."

"अप्पा, अहो..." मुलगा म्हणाला.

"सांग," मी म्हटलं. सुनेनं सांगितलं. शब्द न शब्द सांगितला असणार, कारण मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाई माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं बराच वेळ लिहिलं.

ती लिहीत होती तेव्हा शेतकरी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. समोर बघत हळूच म्हणाला, "तीन दिवस लावलेस."

"तुला माहीत होतं?"

"वरच्या रानातून बघत होतो. लोकरचोर."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं नाक पुसलं. "बहीण उबेत होती."

परवाना राहिला. कमिटीचा हात नव्हता आणि करणाऱ्यानं कबूल केलं, म्हणून राहिला. पण अटी वाढल्या. खाचेला लोखंडी चौकट बसवायची. बंधाऱ्यात मोजपट्टी लावायची, रोज पाण्याचा आकडा आणि खाच उघडी की बंद, हे वहीत लिहायचं. फाटकाची किल्ली एका माणसाकडं ठेवायची नाही. आणि पाऊस पडून ओढा भरेपर्यंत यंत्र बंद. मी करगोट्याची गाठ तिथंच सोडायला लागलो तर चार बायका दुसरीकडं बघायला लागल्या. किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आलो. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दवाखान्यात सगळे तुमची चौकशी करतात."

पाऊस यायला तीन आठवडे लागले. तोवर शेतकऱ्यानं बहिणीला आपल्या घरी नेलं. शेवटच्या बंगल्यातली बाई भाचीकडं ब्रिस्टलला गेली. तिला जायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, कारण तिची बॅग गाडीत मीच ठेवली. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

यंत्र पुन्हा सुरू झालं, ती परत आली. पाळ्यांचा कागद पुन्हा लागला. माझा वार मंगळवार. पहिल्या मंगळवारी मी गेलो नाही. रोज जाणारा माणूस मंगळवारचा झाला, हे गिळायला वेळ लागतो. दुसऱ्या मंगळवारी गेलो, तर जाळीवर सोमवारची पानं तशीच. पुढं कुणाची कंबर धरली, कुणाला वेळ नसला, की लोक दवाखान्यात निरोप ठेवायचे. उन्हाळ्यापर्यंत आठवड्यातले पाच वार माझ्याकडं आले. किल्ली मात्र पोस्टात खिळ्याला. रोज मागून घ्यायची, रोज परत द्यायची.

वही ठेवायचं काम शेवटच्या बंगल्यातल्या बाईनं घेतलं. बंधाऱ्यावरून येणारी वाट तिच्याच खिडकीखालून जाते. मी यायचो, ती खिडकी उघडायची. मी आकडा सांगायचो, ती लिहायची. मग विचारायची, "खाच?"

"उघडी."

ती तेही लिहायची. आधी आकडा, मग खाच. एकदाही विचारायचं विसरली नाही. मुलगा म्हणायचा, ती गंमत करते. ती गंमत करत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तशीच कोरडी थंडी पडली. जानेवारीच्या अखेरीला पाणी खुणेच्या खाली गेलं आणि सकाळीच चाक थांबलं. मी जाळी झाडली. जाळीवर काही नव्हतं, तरी झाडली. खाचेतून धार चालली होती. थोडा वेळ उभा राहिलो आणि खाली आलो. बाईनं खिडकी उघडली. अंगात कोट, हातात मोजे, मोज्यातच पेन धरलेलं. मी आकडा सांगितला. तिनं लिहिला.

"खाच?" ती म्हणाली.

"उघडी."

तिनं ते लिहिलं आणि खिडकी लावून घेतली.